टाच दुखतेय, पण दोष पोटरीचा? अनुभव हवेत

विदुला_कोलशेत

नमस्कार मंडळी. विषय दुखण्याचा आहे, पण इथे ठाणे-नवी मुंबईतली चालणारी, धावणारी, लोकलला लटकणारी सगळ्या वयाची माणसं आहेत, म्हणून धागा इथेच काढतेय.

मी शाळेत शिकवते. फळ्यासमोर उभं राहणं, तासातासाला जिने चढणं-उतरणं हे रोजचं. यंदा पावसाळ्यापासून उजव्या टाचेने छळ मांडलाय. सकाळी पलंगावरून उतरून पहिलं पाऊल टाकलं की डोळ्यांत पाणी येतं. भिंत धरत थोडं चाललं की सुसह्य होतं आणि शाळा सुटायच्या सुमारास पुन्हा ठणका सुरू. एक्स-रे काढला, त्यात टाचेचं हाड वाढलेलं दिसलं. मऊ चपला, टाचेखाली सिलिकॉनची गादी, मिठाच्या गरम पाण्याचा शेक, सगळं चालू आहे.

परवा सोसायटीतल्या योगवर्गाच्या बाईंनी मला पश्चिमोत्तानासनात बसलेलं पाहिलं आणि म्हणाल्या, "टाचेचं राहू दे, तुझ्या पोटऱ्या बघ किती आखडल्यात. पावलं वर ओढलीच जात नाहीयेत." आता माझी पोटरी तर कधीच दुखत नाही. जे दुखत नाही त्याच्यामुळे टाच कशी दुखेल? यात खरंच तथ्य आहे का? पोटरीचे व्यायाम करून कोणाची टाच बरी झालीय का? आणि त्या वाढलेल्या हाडाचं काय करायचं?

नौपाडेकर

+१. आमच्या हिची तंतोतंत हीच कहाणी, फक्त टाच डावी. वाचतोय.

पामबीच_पळू

विदुलाताई, तथ्य आहे. मी रविवारी पाम बीच रोडला पळतो. हाफ मॅरेथॉनच्या तयारीत अंतर वाढत गेलं तशी उजवी टाच धरली. फिजिओने टाचेला हात लावायच्या आधी मला भिंतीसमोर उभं केलं. पाऊल भिंतीपासून थोडं मागे ठेवायचं, टाच जमिनीला टेकलेली, आणि गुडघा पुढे नेऊन भिंतीला लावायचा. जमलं की पाऊल अजून मागे. टाच न उचलता गुडघा जेमतेम टेकतो तिथे अंगठा आणि भिंत यांतलं अंतर मोजायचं. साधारण १० सेंटीमीटरच्या आसपास यावं म्हणतात. माझा डावा पाय बरा निघाला, उजवा निम्म्यावरच अडला. पोटरी ताणणं, टाचा उचलायचे व्यायाम आणि पळणं कमी, एवढंच सांगितलं. वेळ लागला, पण टाच सुटली.

राम_मारुती_रोडकर

पाम बीचला एवढं पळायचं आणि वर घरी येऊन पोटऱ्या ताणायच्या! आम्ही तलावपाळीला दोन फेऱ्या मारतो आणि मामलेदारची मिसळ ताणतो.

अनघा_फिजिओ

मी फिजिओथेरपिस्ट आहे, वाशीत काम करते. विदुला, न तपासता तुझं निदान करणार नाही, पण तुझ्या योगवर्गाच्या बाईंची नजर चांगली आहे. पोटरी आणि टाच यांचं नातं नीट सांगते, कारण ते कळलं की पुढचे व्यायाम माणूस मनापासून करतो.

पोटरीत मुख्य दोन स्नायू. वरचा, जो फुगलेला दिसतो, तो गॅस्ट्रोक्नेमियस. तो गुडघ्याच्या वरून, मांडीच्या हाडापासून सुरू होतो. त्याच्याखाली लपलेला सोलियस, तो गुडघ्याच्या खालून निघतो. खाली येताना दोघांचं मिळून अकिलिस टेंडन होतं, म्हणजे टाचेच्या मागे हाताला लागते ती जाड शीर, आणि ती टाचेच्या हाडाला मागून चिकटते. त्याच हाडाच्या खालून प्लांटर फॅशिया नावाचा चिवट पट्टा निघतो आणि बोटांच्या मुळांपर्यंत जातो. पायाची कमान हे धनुष्य धरलं तर हा पट्टा त्याची दोरी. टाचेचं हाड एकच, मागून त्याला पोटरी वर खेचते आणि खालून ही दोरी पुढे खेचते.

आता चालताना काय होतं बघा. एक पाय मागे राहिलाय, गुडघा सरळ आहे, टाच अजून जमिनीवर आहे आणि अंग पुढे गेलंय. त्या क्षणी नडगी पावलावरून साधारण १० अंश पुढे झुकायला लागते. पोटरी आखूड असेल तर तेवढी जागा मिळत नाही. पण म्हणून कोणी रस्त्यात थांबत नाही, शरीर दुसरी वाट काढतं. कोणाची टाच वेळेआधी उचलली जाते आणि भार चवड्यावर येतो. कोणाची कमान आत बसते आणि वाकायचं काम घोट्याऐवजी पावलाच्या मधल्या सांध्यांवर पडतं. कोणी पाऊल बाहेर फिरवून चालतो, कोणाचा गुडघा मागे ढकलला जातो. दिवसाकाठी हजारो पावलं अशी पडली की जिथे ताण येतो ती जागा बोंब मारते. पोटरीला स्वतःला काहीच होत नाही, म्हणून तिच्यावर कोणाचा संशय जात नाही.

चवड्यावर भार आला की बोटं वर वळतात आणि ती दोरी आणखी ताणली जाते. अंगठा वर उचलला की फॅशिया ताणला जाऊन कमान उंचावते, हे हिक्स नावाच्या ब्रिटिश संशोधकाने १९५४ साली मांडलं. बसल्या बसल्या स्वतःचा अंगठा हाताने वर ओढून बघा, तळव्याला तो पट्टा टणक लागेल.

वाढलेल्या हाडाबद्दल: टाच अजिबात न दुखणाऱ्या भरपूर लोकांच्या एक्स-रेमध्येही ते असतं. टाच बरी होते आणि हाड तिथेच राहतं, हे मी कायम बघते. त्या चित्राने घाबरू नकोस.

घणसोलीची_सई

अनघाताई, सुंदर लिहिलंय. "पोटरीवर कोणाचा संशय जात नाही" हे अगदी पटलं. माझी टाच नाही, चवडा दुखतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या बोटाच्या खाली जळजळ. त्यातही हेच असू शकतं का?

अनघा_फिजिओ

असू शकतं, सई. टाच लवकर उचलली जात असेल तर चवड्यावर भार जास्त वेळ राहतो. पण त्या जागी नस दाबली जाणं, हाडाला बारीक तडा जाणं, चपलेचा चवडा अरुंद असणं अशीही कारणं असतात. बोटांत मुंग्या येत असतील किंवा वरून सूज असेल तर दाखवून घे.

सुहास_काका

मी थोडा विरोधी सूर लावतो. टाच दुखली की आधी युरिक ॲसिड म्हणायचे, मग ड जीवनसत्त्व आलं, मग बी-१२. आता पोटरीचा नंबर. माझ्या मते खरी कारणं साधी आहेत. वजन वाढलंय, घराघरात टणक गुळगुळीत फरशा आल्यात आणि माणसं त्यावर अनवाणी वावरतात. आमच्या पिढीत उकिडवं बसणं दिवसभर चालायचं. संडास तसा, भांडी घासणं तसं, नळावर पाणी भरणं तसं. माझं वय ६८, कळव्याला राहतो, आजही टाचा टेकवून आरामात उकिडवा बसतो. कोणी पोटऱ्या ताणल्या नाहीत आणि कोणाच्या टाचा दुखल्या नाहीत.

येऊर_फाटा

काकांना अनुमोदन. आमच्या येऊरच्या पाड्यांवरच्या बायका डोक्यावर मोळी घेऊन डोंगर उतरतात. त्यांना विचारा पोटरी कशी असते.

कोपरीची_माई

काका, तुमच्या पिढीतल्या बायकांच्या टाचा दुखत होत्या. माझी सासू रात्री वीट गरम करून, फडक्यात गुंडाळून टाचेखाली घ्यायची. घरात कोणाला सांगायची नाही, एवढंच.

नौपाडेकर

माई, माझी आजीही. रुईचं पान तापवून बांधायची.

अनघा_फिजिओ

सुहासकाका, वजन आणि उभं राहणं याबद्दल तुमचं बरोबर आहे. २००३ मध्ये अमेरिकेत टाचदुखीचे रुग्ण आणि टाच न दुखणारे लोक यांची तुलना केलेला एक अभ्यास आला होता. त्यात तीन गोष्टी ठळक निघाल्या: स्थूलपणा, कामाचा बराचसा वेळ पायांवर असणं आणि घोट्यातून पाऊल वर न येणं. तिन्हींत सगळ्यात जोरदार संबंध शेवटच्या गोष्टीचा होता. म्हणजे तुमची दोन कारणं आणि विदुलाच्या बाईंचं एक, अशी तिन्ही एकाच यादीत बसली.

उकिडवं बसण्याचा मुद्दा मला फार आवडला, कारण बहुतेकांची गल्लत तिथेच होते. उकिडवं बसताना गुडघा पूर्ण वाकलेला असतो. गॅस्ट्रोक्नेमियस गुडघ्याच्या वरून येतो, त्यामुळे गुडघा वाकला की तो सैल पडतो. त्या बैठकीत ताणला जातो तो सोलियस. म्हणून टाचा टेकवून छान बसणाऱ्या माणसाचा सोलियस आणि घोटा मोकळा आहे एवढंच कळतं. चालताना मात्र मागच्या पायाचा गुडघा सरळ असतो आणि तिथे वरचा स्नायू आडवा येतो. वरचा आखूड आणि खालचा मोकळा, अशी माणसं खूप असतात. पामबीच_पळू यांनी सांगितलेली भिंतीची चाचणीही वाकलेल्या गुडघ्याची आहे. ती उपयोगी आहेच, पण एकटी पुरत नाही.

हे दोन स्नायू वेगळे तपासायची युक्ती शंभर वर्षं जुनी आहे. निल्स सिल्फ्वरशॉल्ड नावाच्या स्वीडिश अस्थिशल्यविशारदाच्या नावाने ती ओळखली जाते. हा माणूस १९१२च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये जिम्नॅस्टिक्सचं सांघिक सुवर्णपदक मिळवलेल्या संघात होता. मला हे फार आवडतं, स्नायूंची लवचीकता त्याने आधी स्वतःच्या अंगावर अनुभवलेली होती.

रुग्ण पाठीवर झोपतो. गुडघा सरळ ठेवून आपण त्याचं पाऊल नडगीकडे ढकलतो, कुठपर्यंत येतं ते बघतो. मग गुडघा काटकोनात वाकवून तेच करतो. सरळ गुडघ्याला अडलं आणि वाकवल्यावर मोकळं झालं, तर वरचा स्नायू आखूड. दोन्ही वेळा अडलं, तर सोलियस, अकिलिस किंवा घोट्याचा सांधा यांच्याकडे बघायचं. ढकलताना कमान आत बसू द्यायची नाही, टाच सरळ रेषेत धरायची. नाहीतर मधलं पाऊल वाकतं आणि घोटा वाकल्याचा भास होतो. घरच्या कोणाकडून तरी करून घ्या, एकट्याने नीट जमत नाही.

राम_मारुती_रोडकर

आत्ता अर्ध्या ठाण्यात नवरे बायकांचे पाय धरून बसलेत.

नौपाडेकर

रारोकर, खरं आहे. धरला. सरळ गुडघ्याला पाऊल काटकोनाच्या पुढे येत नाही, वाकवलं की सहज येतं. दोन्ही पायांना तसंच, डाव्याला जास्त. ही म्हणतेय, लग्नानंतर पहिल्यांदाच एवढ्या लक्षपूर्वक पाय बघितलास.

विदुला_कोलशेत

मीही लेकीकडून करून घेतलं. अगदी नौपाडेकरांच्या घरच्यासारखंच. सरळ गुडघ्याला लेक ढकलतेय आणि पाऊल हलत नाही. सगळ्यांचे आभार, एवढे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. मोठ्या सुट्टीत निवांत वाचते सगळं.

ऐरोली_आयटी

थोडं अवांतर. मी बारा-तेरा वर्षं ऑफिसात उंच टाचांच्या चपला घालत आले. घरून काम सुरू झालं तेव्हा सपाट स्लिपर आल्या आणि पोटऱ्या, टाचेमागची शीर, सगळं दुखायला लागलं. उंच टाचा घातल्या की बरं वाटायचं! घरात कोणाचा विश्वास बसेना.

अनघा_फिजिओ

विश्वास बसण्यासारखंच आहे. २०१० मध्ये यावर एक संशोधन प्रसिद्ध झालं. वर्षानुवर्षं उंच टाचा घालणाऱ्या बायकांच्या पोटरीतले स्नायूंचे तंतू आखूड आणि अकिलिस टेंडन जास्त ताठर आढळलं. सपाट चपलेत तेवढी लांबी एकदम मागितली जाते आणि शीर दुखते. उंची टप्प्याटप्प्याने कमी करायची आणि सोबत ताणायचे व्यायाम.

बेलापूर_जिम

ताणून काही होत नाही. सगळं इंटरनेट सांगतं की स्ट्रेचिंग जुनं झालं, ताकद वाढवा. डेन्मार्कमधल्या संशोधनात टाचदुखीवर टाचा उचलायचा व्यायाम स्ट्रेचिंगपेक्षा सरस ठरलाय.

अनघा_फिजिओ

ते संशोधन चांगलं आहे, मी ते वापरते. पण पूर्ण सांगूया. बोटांखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून, एका पायावर, सावकाश टाच उचलायची आणि सावकाश खाली सोडायची, एक दिवसाआड. तीन महिन्यांनी हा गट पुढे होता. वर्षाअखेरीला मात्र दोन्ही गट जवळपास सारखे होते. म्हणजे ताकदीने आराम लवकर मिळाला, पण ताणणारेही सुधारले.

अकिलिसच्या दुखण्यात ताकदीचं महत्त्व त्याही आधी कळलं होतं. १९९८ मध्ये स्वीडनच्या आल्फ्रेडसन यांनी पायरीच्या कडेवरून टाच सावकाश खाली सोडण्याचा व्यायाम मांडला. १५ वेळा, तीन फेऱ्या, दिवसातून दोनदा, १२ आठवडे. एकदा गुडघा सरळ ठेवून आणि एकदा वाकवून, कारण तेच, स्नायू दोन आहेत. या व्यायामात स्नायू ताणला जात असतानाच भार घेतो. त्यामुळे ताणायचं की ताकद वाढवायची, या भांडणात मी पडत नाही. दोन्ही देते.

बेलापूर_जिम

हे वर्षाअखेरीचं माहीत नव्हतं. धन्यवाद ताई.

तुर्भे_मार्केट

आमच्याकडे मार्केटात पहाटेपासून उभं काम. माझ्या टाचेत इंजेक्शन दिलं होतं एका दवाखान्यात. पहिल्या आठवड्यात जादू झाल्यासारखं वाटलं, सणवार छान गेले. मग परत पूर्ववत. आता दुसरं घ्या म्हणतात. घ्यावं का?

डॉ_खारघर

तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच ठरवा, पण हे प्रश्न विचारा. स्टेरॉईडच्या इंजेक्शनने वेदना थोड्या काळापुरती कमी होते. वारंवार घेतल्यास प्लांटर फॅशिया फाटण्याचा आणि टाचेखालची चरबीची गादी झिजण्याचा धोका असतो. ज्याचं काम उभ्याने आहे त्याला ती गादी फार मोलाची. पोटरी तपासली आहे का, व्यायाम सुरू केले होते का, हे आधी विचारा. वेदना कमी असलेल्या काळात व्यायाम झाले नाहीत तर इंजेक्शनचा फायदा वाया जातो.

धागा चांगला चाललाय, म्हणून डॉक्टर या नात्याने एक गोष्ट ठामपणे लिहितो. पोटरी दुखते म्हणजे ती आखडलीय, असं प्रत्येक वेळी धरू नका.

एकाच पायाची पोटरी सुजली, गरम लागते, दाबल्यावर दुखते, आणि नुकताच लांबचा प्रवास, शस्त्रक्रिया, बाळंतपण किंवा अंथरुणाला खिळणं झालंय, तर ती रक्ताची गुठळी असू शकते. अशी पोटरी चोळायची नाही, ताणायची नाही, त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं. सोबत धाप लागत असेल तर एक मिनिटही थांबू नका.

ठरावीक अंतर चाललं की पोटरी भरून येते, थांबलं की उतरते, पुन्हा तेवढंच चाललं की पुन्हा भरते, असं होत असेल, त्यातही तंबाखू किंवा मधुमेह असेल, तर पायाच्या रक्तवाहिन्या तपासा.

खेळताना मागून कोणीतरी फटका मारल्याचा भास झाला, आवाज आला आणि चवड्यावर उभं राहता येईना, तर अकिलिस तुटलेलं असू शकतं. सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन या गटातली अँटिबायोटिक घेत असताना टाचेमागची शीर दुखू लागली तर व्यायाम थांबवून डॉक्टरांना लगेच कळवा. या औषधांनी टेंडन फाटू शकतं, म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००८ मध्ये त्यांवर सर्वात कडक इशारा छापायला लावला.

कोपरीची_माई

डॉक्टर, फार उपयोगी. घरच्या ग्रुपवर पाठवतेय.

वर्तकनगर_अभय

डॉक्टरांनी मधुमेहाचा उल्लेख केला म्हणून लिहितो. माझ्या वडिलांना जुना मधुमेह, पायाला संवेदना कमी. अंगठ्याच्या मुळाशी, चवड्याखाली जखम झाली. ड्रेसिंग, खास प्लास्टर, सगळं करून भरायची आणि काही महिन्यांनी तिथेच उघडायची. घरात सगळे साखरेला दोष देत होते. शेवटी एका सर्जननी वडिलांचा घोटा हलवून दाखवला, पाऊल वर येतच नव्हतं. म्हणाले, प्रत्येक पावलाला सगळा भार त्या एका ठिकाणी पडतोय, जखम राहणार कशी बंद? अकिलिस लांब करायची छोटी शस्त्रक्रिया केली. त्यानंतर ती जखम आजपर्यंत उघडलेली नाही. आम्ही चवड्याकडे बघत होतो आणि कारण पोटरीत होतं.

डॉ_खारघर

अभय, हा अनुभव लिहिलात हे फार चांगलं केलं. यावर २००३ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध झाला. मधुमेही रुग्णांत फक्त प्लास्टरने भरलेल्या जखमा दोन वर्षांत ८१ टक्के लोकांत परत उघडल्या. प्लास्टरसोबत अकिलिस लांब केलेल्यांत हेच प्रमाण ३८ टक्के होतं. मधुमेहात साखरेमुळे टेंडन ताठर होतात, म्हणून ही अडचण तिथे जास्त. मात्र शीर गरजेपेक्षा लांब झाली तर भार टाचेवर जाऊन तिथे जखम होऊ शकते, म्हणून हे अनुभवी हातांचं काम आहे. आणि संवेदना कमी असलेल्या पायावर कोणी स्वतःच्या मनाने जोरदार ताणणं, गरम वीट, तापलेलं पान असलं काही करू नका. भाजलेलं कळत नाही.

सुहास_काका

सूनबाईंनी चाचणी केली माझी. वाकवलेल्या गुडघ्याला पाऊल छान येतं. सरळ गुडघ्याला अडतं, अनघा म्हणते तसंच. पण मग माझा प्रश्न पक्का झाला. माझी पोटरी आखूड आणि टाच ठणठणीत. हे कसं?

अनघा_फिजिओ

काका, हा या धाग्यातला सगळ्यात चांगला प्रश्न आहे. आखूड पोटरी असणारे सगळे दुखणेकरी नसतात. ती धोका वाढवते, एकटी निकाल लावत नाही. तुमचं वजन, चालण्याचं प्रमाण, पायाची ठेवण, चपला, आणि त्या पट्ट्याला वर्षानुवर्षं सवयीचा झालेला भार, सगळं मिळून ठरतं. विदुलाच्या बाबतीत आखूड पोटरीवर रोजचं उभं राहणं चढलं. शिवाय दुखणारा माणूस टाच टेकवायचं टाळतो आणि त्यानेही पोटरी आणखी आखडते. कोणामुळे कोण, हे दर वेळी सांगता येत नाही. म्हणूनच तपासल्याशिवाय सगळ्यांना एकच व्यायाम वाटत सुटू नये, या तुमच्या मताशी मी सहमत आहे.

सुहास_काका

हे पटलं. एवढं कोणी समजावून सांगत नाही हल्ली.

सीवूड्सची_आई

मुलगा दहा वर्षांचा, फुटबॉल खेळतो. खेळून आला की दोन्ही टाचांच्या मागे दुखतं, लंगडतो. टाच दोन्ही बाजूंनी दाबली की ओरडतो. एवढ्या लहान मुलाला टाचदुखी?

अनघा_फिजिओ

या वयात टाचेच्या हाडाची वाढीची पट्टी अजून जुळलेली नसते. हाडं भराभर वाढतात, पोटरी मागे पडते आणि अकिलिस त्या पट्टीवर ओढ देते. याला सीव्हर्स म्हणतात. साधारण ८ ते १४ वयातल्या खेळणाऱ्या मुलांत दिसतं आणि हाड जुळलं की आपोआप थांबतं. तोवर खेळाचं प्रमाण कमी, टाचेला आधार देणारे बूट, हलकं ताणणं. एकदा बालअस्थितज्ज्ञांना दाखवा. ताप, सूज किंवा रात्री झोपेतून उठवणारं दुखणं असेल तर उशीर करू नका.

राम_मारुती_रोडकर

गंभीर प्रश्न विचारतो. मिसळ खाऊन चालायला बसायचं की चालून मिसळ?

येऊर_फाटा

चालून. उपवनपासून वर येऊरच्या गेटपर्यंत चढ आहे. चढावर सरळ गुडघ्याने टाच टेकवत चालशील तर अनघाताईंचा वरचा स्नायू आपोआप ताणला जाईल.

अनघा_फिजिओ

येऊर_फाटा, मुद्दा बरोबर आहे, पण टाच दुखत असताना चढ नको. चढावर घोट्याकडून जास्त मागणी होते आणि पट्टा आणखी चिडतो. दुखणं उतरल्यावर जरूर.

विदुला_कोलशेत

सगळं वाचलं. अनघाताई, आता नेमकं काय आणि किती करू ते सांगाल? शाळेत बसायला मिळत नाही हे धरूनच सांगा. आणि किती दिवसांत फरक अपेक्षित धरू?

अनघा_फिजिओ

सांगते. हे साध्या टाचदुखीसाठी आहे, जवळच्या फिजिओकडे एकदा तपासून मगच पक्कं कर.

सकाळी पलंगावरून उतरायच्या आधी. दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर घे, पाचही बोटं हाताने नडगीकडे ओढ, तळव्याचा पट्टा ताणला जातोय हे दुसऱ्या हाताने चाचप. १० सेकंद धरायचं, १० वेळा. असं दिवसातून तीनदा, पण सकाळचं चुकवू नकोस. रात्रभर पाऊल खाली कललेलं असतं, पोटरी आणि पट्टा आखडलेले असतात, आणि पहिल्या पावलाला ते एकदम ताणले जातात. तुझ्या डोळ्यांत पाणी येतं ते त्यामुळे.

पोटरीसाठी भिंतीला हात लावून उभी राहा, दुखरा पाय मागे, गुडघा सरळ, टाच टेकलेली. पाऊल समोर बघत असलं पाहिजे, बाहेर फिरलेलं नको आणि कमान आत बसू द्यायची नाही. बहुतेक जण इथेच चुकतात, पाऊल बाहेर फिरवतात आणि ताण पोटरीऐवजी कमानीवर जातो. ३० सेकंद, तीन वेळा. मग तोच पाय थोडा जवळ घेऊन गुडघा वाकवून पुन्हा तसंच. हे तासांच्या मधल्या वेळात वर्गाच्या भिंतीला लागूनही होतं, मुलंही सोबत करतील.

पहिल्या पावलाची कळ कमी झाली की ताकद. आधी सपाट जमिनीवर दोन्ही पायांनी टाचा उचल आणि सावकाश सोड, मग एका पायावर. शाळेच्या जिन्याच्या कडेवरून टाच खाली सोडायची घाई नको, ती नंतरची पायरी आहे. टाचेची गादी आणि मऊ चपला चालू ठेव, घरातही अनवाणी नको. काकांचं ते म्हणणं मला मान्य आहे. उभं राहावं लागतंच तर एका जागी ताटकळू नकोस, वर्गात फिरत शिकव.

फरक आठवड्यांत मोजायचा, दिवसांत नाही. बहुतेकांना दोन-तीन महिने लागतात, काहींना त्याहून जास्त. मधे एखादा आठवडा परत दुखेल, तेव्हा व्यायाम सोडू नकोस, फक्त जोर कमी कर. नियमित करूनही तीन महिन्यांत काहीच हललं नाही, तर पुन्हा तपासून घे. रात्री पाऊल काटकोनात धरणारा पट्टा, शॉकवेव्ह असे पुढचे उपाय आहेत. वरचा स्नायू लांब करायची शस्त्रक्रियाही आहे, पण ती सगळं करून थकलेल्या मोजक्या लोकांसाठी.

विदुला_कोलशेत

ताई, मनापासून आभार. वर्गात मुलांसकट भिंतीला उभं राहायची कल्पना फारच आवडली, सहावीची मुलं तर उड्या मारतील. कोलशेत-ढोकाळीच्या बाजूला कोणी चांगले फिजिओ माहीत असतील तर कृपया व्यनि करा.

नौपाडेकर

विदुलाताई, व्यनि केला आहे. आम्ही शनिवारी हिला तिथेच घेऊन जातोय.